कुंतासाठी कमानी

मंगळवार, संक्रांत, सन १९४७

ही वही फौजेची आहे. माझा नातू खेमराज जबलपूरला फौजेच्या मोटरखान्यात मिस्त्री होता. लढाई सरली तेव्हा चार कोऱ्या वह्या घेऊन आला. दोन चुली पेटवण्यात गेल्या, एक केशोरावने, म्हणजे माझ्या लेकाने, उचलली, आणि ही मी उशीखाली दाबून ठेवली होती. घरात माझं ऐकायला कोणाला फुरसत नाही. केशोराव म्हणतो, "माय, तू बोलायले लागली का बैल उभे राहातेत." म्हणून आता वहीला सांगणार. तीन यत्ता शिकले, त्याही भावाची पाटी पुसायला म्हणून बसून. बोलते तसं लिहिलं तर खेमराज हसतो, म्हणून पुस्तकासारखं लिहायचं ठरवलं आहे. किती दिवस जमते पाहू.

आनंदाची गोष्ट आधी. देवरीहून नातजावयाचं, लखनलालचं, पत्र आलं. माझ्या कुंताला सहावा सरला. तब्येत बरी आहे. तिळाचे लाडू वळता वळता मी चार जास्त खाल्ले आणि आता छातीत जळजळ होऊन राहिली, पण होऊ दे.

कुंता खेमराजची लहान बहीण. आई गेली तेव्हा ती अंगावर पीत होती. तेव्हापासून आई मीच, आजी मीच, तिचं माहेर म्हणजे मी. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात पिढ्यांचं आहे. सातव्यात आणायचं. आठवा लागला की पोटुशीने शीव ओलांडायची नाही. कुंताला दोनदा आणायला गेलो. दोन्ही वेळा रेंगीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, दहा कोस, दगडधोंड्यातून. दोन्ही वेळा नदीच्या उतारापाशी... ते आज लिहीत नाही, सण आहे.

या वेळी रेंगी नाही. या वेळी मोटर. आठवा शिवरात्रीला लागतो, म्हणजे महिना हातात आहे.

शुक्रवार

मोटरचं सांगायचं राहिलं. केशोरावने गोंदियाच्या एका राईस मिलवाल्याकडून दिवाळीत आणली. टप कापडाचा, आणि भोंगा असा की पहिल्यांदा वाजला तेव्हा शेजारच्या म्हशीने दावं तोडलं. गावात दुसरी मोटर नाही. मी तर रोज सकाळी तिच्यावरून फडकं फिरवते. खेमराज म्हणतो, "आजीमाय, देव नोको करू तिचा, लोखंड हाये." मी म्हटलं, "देव दगडाचाच असते की रे."

पण बसायला ती रेंगीहून वाईट. आज खेमराजने खाली निजून पाहिलं, मलाही वाकून पाहायला लावलं. मोटरच्या पोटाखाली चार कमानी असतात. लोखंडाच्या पट्ट्या, सर्वात लांब पट्टी वर, तिच्याखाली आखूड, तिच्याखाली आणखी आखूड. उलट्या उतरंडीसारखं दिसते. मागच्या डाव्या कमानीच्या दोन पट्ट्या मोडलेल्या, तारेने बांधलेल्या, आणि वर बाभळीचा ठोकळा ठोकून दिलेला! मिलवाल्याने विकताना भोंगा तेवढा वाजवून दाखवला होता.

खेमराज म्हणाला, "जबलपूरले फौजेचं सामान लिलावात निघून राहिलं. नव्या कमानी आनतो. शाकही आनतो."

शाक म्हणजे काय ते विचारलं. तेल भरलेला लोखंडी डबा, त्याला एक हात. कमान झटका झेलते पण मग उसळतच राहते, हा हात तिला धरून शांत करतो.

मी म्हटलं, "म्हंजे कमान नवी सून अन् शाक सासू."

"सासू कोरडी राहाते, आजीमाय. याच्यात तेल हाये."

पोट्टा माझ्यावरच गेला आहे.

सोमवार

खेमराज जबलपूरला गेला त्याला सहा दिवस झाले. मला एका जागी बसवत नाही. लाखोरीची डाळ तीनदा निवडली. घरापुढची सपरी सारवली, वाळायच्या आधी पुन्हा सारवली. गाडीच्या वेळेला स्टेशनाकडच्या वाटेवर जाऊन उभी राहते. केशोराव ओरडतो, "माय, तो येनार तं घरीच येईन ना!"

सुईण रामकलीला बोलावून सांगून ठेवलं. ती छत्तीसगडची, हाताला यश आहे. तिने विचारलं, "पोरीले आनतेच काऊन, बाई? दोनदा आनून पाहिलं, दोन्ही बार पोट खाली झालं." मी म्हटलं, आता मोटर आहे. ती म्हणाली, "मोटर हाये, पर रस्ता तं तोच हाये." या बाईला बोलायची रीत नाही. तिला पायलीभर तांदूळ देऊन वाटेला लावलं.

गुरुवार

आला! कमानी आणल्या, गोणपाटात बांधून, ग्रीसने माखलेल्या. एकेक कमान अशी जड की केशोराव आणि खेमराज दोघांनी उचलली. जुनीत सात पट्ट्या, हिच्यात अकरा. चार शाक. मी सगळ्यांना हळदकुंकू लावलं, ग्रीसवर कुंकू छान बसते.

मोटर चार लाकडी ठोकळ्यांवर चढवली आहे. चाकं काढलेली. अशी दिसते जशी धुणं धुवायला बसलेली बाई.

देवरीचं पत्रही आलं. लखनलाल लिहितो, इकडे सर्व क्षेम, मोटारची घाई करू नये. शेवटी कुंताने सांगितलेलं: दादाला काम असेल तर त्याने येऊ नये, मला राग नाही. पाहा कशी समजूतदार पोरगी! पेट्रोल अजून चिठ्ठीवरच मिळते म्हणून भावाची काळजी करते. मी उलट लिहिलं, तू काही मनात आणू नको, पेट्रोल जमवून ठेवलं आहे, आम्ही येणारच.

रविवार

कमानी बसल्या. मोटर वीतभर उंच झाली. मला चढायला पाट लागला.

खेमराज पाण्याने भरलेला लोटा मागच्या गादीवर ठेवून आंबराईपर्यंत जाऊन आला. लोटा आडवा, गादी ओली. म्हणाला, "नाही जमलं." मी म्हटलं, लोट्याला काय कळते, मी बसते. नको नको म्हणत होता. मी चढलेच.

अरे बाप्पा! पहिल्या खड्ड्याला मी वर, टपाला डोकं. दुसऱ्याला पुन्हा वर. आंबराईत वानरं पाहून राहिली होती. मला एवढं हसू आलं की मुरकुंडी वळली. लहानपणी माळव्याच्या गोष्टी सांगायचा माझा आजा, आपले पूर्वज घोड्यावरून आले म्हणून. मला वाटलं असेच आले असतील.

उतरले तर खेमराजचं तोंड पांढरं पडलेलं. हसलाच नाही. म्हणाला, "ह्या कमानी लारीच्या. माल वाहायच्या. मानसासाठी नाहीत. चुकलो मी."

"चुकलास तं दुसऱ्या आन."

"दुसऱ्या कोठून आनू? दिवस किती राहिले?"

शिवरात्रीला सोळा दिवस.

मंगळवार

दोन दोन पट्ट्या काढून पाहिल्या. आता उडत नाही तर खाली आपटते. पुन्हा घातल्या. एक एक काढून पाहिली. खेमराज दिवसभर मोटरखाली, पाय तेवढे बाहेर. मी त्या पायांशी बोलत बसते.

गुरुवार

मला सुचलं! माझ्या डोक्यात आलं, मिस्त्रीच्या नाही. दळण घेऊन बसले होते, वाटेने शेजारच्या केवलरामची बैलांची खाचर गेली, रिकामी, खडखड उडत. मग त्याच्या भावाची गेली, धानाने भरलेली, डुलत डुलत. जात्याचा खुंटा सोडून मी पळतच गेले.

"अरे खेमराज, भरलेली गाडी कधी उडते का? ह्या कमानी मालाच्या हायेत ना? तं माल भर!"

तो मोटरखालून बाहेर आला. गालाला ग्रीस. माझ्याकडे पाहतच राहिला.

पाच पोती धान भरलं. मोटर खाली बसली, पहिल्यासारखी. लोटा ठेवला, आंबराईला गेला, आला. बोटभर पाणी सांडलं, बस. मग मी बसून पाहिलं. पाळण्यात बसल्यासारखं. खड्डा येते, मोटर खाली जाते, वर येते आणि गप होते. शाक आपलं काम करते, म्हणतो.

मला वाटलं हा नाचेल. तो विहिरीच्या काठावर जाऊन बसला. जेवायलाही हाक मारून मारून आला. थकला असेल.

सोमवार

आता ब्रेक म्हणे ठीक नाही. काल पुढच्या चाकात आवाज होता. परवा पेट्रोलची नळी. मी म्हटलं, अरे तू फौजेच्या शंभर गाड्या दुरुस्त केल्या, ही एक सरत नाही? "पाहून राहिलो ना, आजीमाय," एवढंच.

दुसरी अडचण केशोरावने काढली. धानाची पोती नेता येत नाहीत. धान्यावर सरकारी कंट्रोल आहे, नाक्यावर शिपाई उतरवून घेतो आणि वर चौकशी. मग दगड भरायचे का? दगड गडगडतात, टप फाडतील.

मी म्हटलं, घरचंच सामान भरू. जाताना नेऊ, येताना त्याच वजनावर कुंताला घेऊन येऊ.

केशोराव कपाळाला हात लावून म्हणाला, "देवरीले नेऊन फुकट वापस आनायचं? लोक म्हनतीन पाटलाची बुढी येडी झाली."

"म्हनू दे. वजन पाहिजे."

बुधवार

काय काय भरायचं ते काढून राहिले. बाळंतिणीच्या न्हाणीचं तांब्याचं गंगाळ. ते जड आहे. माझी खाट, शिसवाची, तीही जड. दोन पाटे, एक वरवंटा. लोखंडी चूल. गोवऱ्यांची पोती तीन. जुन्या लुगड्यांचं गाठोडं, बाळाला मऊ लागते. डिंकाचे लाडू केले, डबा भरला. शेवया. जवसाच्या तेलाचा डबा. तांदूळ आणि लाखोरीची डाळ घरखर्चापुरती, तेवढ्याला शिपाई काही म्हणत नाही. आणि मी, आणि रामकली. रामकलीचं वजन चांगलं आहे.

वजनासाठी काढते काढते आणि हात थांबतच नाही. पाळण्याची दोरीही टाकली, तिचं काय वजन!

शनिवार. शिवरात्रीला तीन दिवस

आज भांडण झालं. खरं ते लिहायचं म्हणून लिहिते.

सकाळी खेमराज म्हणाला, पुढच्या शाकातून तेल गळते, दोन दिवस लागतील. मी वाकून पाहिलं. थेंब नव्हता. खालची माती कोरडी.

मी म्हटलं, "तू भेला काय?"

तो पाना हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "आजीमाय, मागल्या साली बैल मीच हाकले ना."

"तं?"

"तिनं म्हटलं होतं थांब. उतारापाशी. दोनदा म्हटलं. दादा, थांब म्हने. मी थांबवत होतो. तू..."

पाना खाली टाकला आणि शेतात निघून गेला.

मी काय म्हटलं होतं? मी म्हटलं होतं, हाक, दिवस बुडायच्या आत घरी पोचू, घर आलंच. घर आलंच होतं, दोन कोस तर उरले होते. कोणीही हेच म्हटलं असतं. माहेर डोळ्यांसमोर असताना रस्त्यात कोण थांबते? एवढंच म्हटलं होतं मी.

चिंचा यंदा फार आल्या आहेत. फोडायला बाया लावायला पाहिजेत.

त्याच दिवशी, दिवेलागणीला

खेमराज परत आला. मी भाकर वाढली. म्हणाला, "सकारी निघू. तू म्हनशीन तसं." भाकर अर्धीच खाल्ली.

मला वाटलं होतं मन हलकं होईल. होईना. खाटेवर बसते तर खाट मोटरमध्ये. खाली बसते तर उठावंसं वाटते.

रविवार, देवरी

आता क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं एकदम बाहेर येईल.

सूर्य निघताना निघालो. गाव जमलं होतं. कोणी म्हणालं, "बुढी सासरी चालली का काय, सामान घेऊन?" मी म्हटलं, "हो, तुझा आजा आला न्यायले!" सगळे हसले, खेमराज सोडून.

मोटर अशी चालली की काय सांगू. रामकली पाच मिनिटांत घोरायला लागली. नदीच्या उतारापाशी खेमराजने मोटर थांबवली. न विचारता. उतरला, समोरचे दगड हाताने बाजूला केले, चढला, मग पावलापावलाने उतरवली. मी तोंडातून शब्द काढला नाही. हे मला किती अवघड गेलं ते वहीलाच माहीत.

देवरीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. भोंगा वाजवला. कुंताची सासू निर्मलाबाई बाहेर आली, लखनलाल आला, अर्धी गल्ली आली. कुंता नाही आली.

निर्मलाबाई पदर तोंडाशी घेऊन म्हणाली, "इहीनबाई, का सांगू! तुमचं पत्र आल्यापासून पोट्टी नीट जेवली नाही. आता भोंगा आयकला अन् कोठीच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली."

मी दाराशी गेले. "कुंता, मी वो, आजीमाय."

"आजीमाय, मी येत नाही."

"अवो पाहा तं, कशी मोटर हाये! दादानं नव्या कमानी लावल्या. पोटातलं पानी हालत नाही."

"मी येत नाही. तू ये अंदर. मोटरीले बाहेरच राहू दे."

कडी निघाली. धानाच्या ढोल्यांमध्ये बसली होती माझी पोर, दोन्ही हातांनी पोट धरून, जसं कोणी हिसकून नेणार आहे. तोंड सुकलेलं. माझ्याकडे अशी पाहत होती जशी मी शिपाई आहे आणि हिला पकडायला आले आहे. मला! न्हाऊमाखू घालून वाढवली तिला मी.

म्हणाली, "मी पत्रात सांगतलं होतं. दादाले नोको पाठवू म्हटलं. तुले समजलं काऊन नाही?"

पत्र माझ्या उशीखालीच होतं. दहादा वाचलं होतं.

मी तिच्याजवळ खाली बसले. बराच वेळ बसले. एवढा वेळ न बोलता मी आयुष्यात कधी बसले नसेन. मग विचारलं, "इथंच राहू म्हनतेस?"

"हो."

"पयलं बाळंतपन सासरी?"

दारातून निर्मलाबाई म्हणाली, "लोक मले बोलतीन, इहीनबाई. माहेरचे आले अन् सासूनं पोरगी पाठवली नाही म्हनतीन."

तिचंही खरं. मी उठून बाहेर आले. खेमराज मोटरला टेकून उभा होता, आमचं सगळं ऐकलं होतं त्याने. त्याच्या मागे मोटर. तिच्यात माझी खाट, चूल, गंगाळ, पाटे, गोवऱ्या, लुगडी, लाडू, डाळ. आणि पायरीवर रामकली, डोळे चोळत.

आता माहेरच्या घरी राहिलंच काय होतं? चार भिंती आणि केशोराव.

मी म्हटलं, "निर्मलाबाई, तुमच्या गुरांच्या कोठ्यालगतची ती खोली रिकामी हाये ना? ती मले द्या. आजपासून ती आमची. चूल माझी, धान्य माझं, सुईन माझी. कुंता उद्या माहेरी येईन, आंगन ओलांडून. शिवरात्रीच्या आधी, सातव्यातच. कोनाले बोलायची जागा नाही."

निर्मलाबाईला हसू यायला लागलं. "अन् मी?"

"तुम्ही पाहुन्या. आलात का चहा मिळन. पर जास्त बोलायचं नाही, बाळंतिनीले तरास होते."

"तुमीच सांगून राहिल्या का हे!" ती म्हणाली, आणि लखनलाल तोंड फिरवून खोकायला लागला.

"खेमराज," मी म्हटलं, "उतरव."

तो हललाच नाही. मी पुन्हा म्हटलं, "उतरव रे सामान. वजन इथंच राहाते."

मग तो असा कामाला लागला की लखनलालला हात लावू देईना. खाट उतरवली, मोटर चार बोटं वर उठली. गंगाळ उतरवलं, पाटे उतरवले, आणखी वर. गोवऱ्या उतरवल्या तेव्हा ती पुन्हा वीतभर उंच होऊन उभी राहिली, टरारून. गल्लीतली पोरं टाळ्या पिटायला लागली. कुंता खोलीच्या दारात येऊन पाहत होती.

खेमराज रिकामी मोटर घेऊन परत गेला. वळणापर्यंत दिसला, गादीवरून वर, खाली, वर, खाली. लांबून वाटलं हसून राहिला असावा. नक्की सांगता येत नाही, धूळ फार होती.

सोमवार

कुंता अंगण ओलांडून माहेरी आली. एकवीस पावलं. मी मोजली. वाटेत कोठे थांबायचं ते तीच ठरवत होती. मध्ये एकदा थांबली, तर मीही थांबले.

होळीनंतरचा बुधवार

इथे मला करमत नाही, पण कुंता दोन भाकरी खाते. निर्मलाबाई दिवसातून चारदा पाहुणी म्हणून येते.

शुक्रवार. अक्ती (अक्षय तृतीया) पाच दिवसांवर

मुलगी झाली. काल, सकाळी, ऊन अंगणात आलं तेव्हा. एवढीशी, पण आवाज असा की मोटरचा भोंगा काय आहे! कुंता बरी आहे. रामकलीला मी माझं चांगलं लुगडं दिलं. मग लाडू वाटले. मग कळलं की स्वतः खायचे राहिले, मग खाल्ले.

केशोराव आणि खेमराज आज आले. केशोराव आल्याबरोबर, "माय, घरी कधी येतेस, बैल उभे नाही राहात आता," असं म्हणाला आणि नातीकडे पाहून रडला.

खेमराज दाराशीच उभा. मी म्हटलं, घे. म्हणाला, हाताला ग्रीस आहे. नव्हतं, पण जाऊन राखेने हात धुवून आला. पुन्हा धुवून आला. कुंता आतून म्हणाली, "दादा, घे ना. उन्हात ने तिले थोडी."

घेतली. कोवळ्या उन्हापर्यंत न्यायची होती, दहा-बारा पावलं असतील. अंगण मी सकाळीच सारवलेलं, तळहातासारखं सपाट. त्यावरून तो असा चालला, पाय उचलून, चाचपून, टेकवून, मग दुसरा, जसं पावलोपावली खड्डा आहे.